एकोणनव्वदला काटकोन न म्हणणारा

म्हादेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. सकाळचे साडेसात वाजले असतील. “काका, बाबा गेले,” संदीप म्हणाला. संदीप म्हणजे त्याचा मुलगा, पुण्याला नोकरी करतो. मी ‘बरं, आलोच’ म्हणून फोन ठेवला आणि उरलेल्या गालावरची दाढी पूर्ण केली. तोंड धुतलं, इस्त्रीचा शर्ट घातला... पस्तीस वर्षांचा मित्र गेला आणि हा बाबा आरशात बघून कल्ले सारखे करतोय! आज आठवलं की स्वतःचीच शिसारी येते. पण खरं सांगायचं तर मला त्या घडीला दुःखाच्या आधी सुटल्यासारखं वाटलं होतं. आता आपल्याला कुणी काही विचारणार नाही, असं वाटलं होतं. हे एवढं एक वाक्य लिहायला मला सात आठवडे लागले.

तेराव्याला आमच्या धाराशिवच्या शिक्षक कॉलनीत त्याच्या दारापुढं मांडव पडला. आचाऱ्यानं नेहमीप्रमाणं बुंदी पाडली होती. मी पंगतीत बसलो होतो. मागच्या खोलीच्या दारात बायका बसल्या होत्या, त्यांतली कुणी चुलती असावी, ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “बुंदी कशाला केली गं बाई? बुंदीनंच तर घालवलं त्यांला. लग्नात मिरवाया गेली आन् येताना मरण घिऊन आली.” कुणीतरी ‘गप की’ म्हटलं. कौसल्यावहिनी, म्हादेवची बायको, तिथंच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. संदीप पाण्याचा जग घेऊन पंगतीत फिरत होता. त्यानंही ऐकलं, पण आईकडं बघितलंसुद्धा नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते की बुंदीचा दाणा छातीत गेला असेल, आणि तो दाणा वहिनींनी भरवला होता. हे सगळ्या गणगोतात पसरलं होतं. बापाला अग्नी दिल्यापासून पोरगा आईशी बोलत नव्हता. त्या मांडवात एकच माणूस असा होता ज्याला ठाऊक होतं की दोष बुंदीचा नव्हे. तो मी. आणि मी काय केलं? पानातली बुंदी संपवली, हात धुतला आणि घरी आलो.

तर हा लेख म्हादेवच्या आठवणींचा आहे. आठवणी सांगणारच, कारण त्या सांगितल्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. पण गेलेल्या माणसाचं चांगलं चांगलं सांगून थांबायचा माझा इरादा नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना तेवढंच वाचायचं असेल त्यांनी मध्येच पान उलटावं.

बेंबळीच्या पलीकडं एका हायस्कुलात आम्ही दोघं एकाच जूनमध्ये लागलो. मी तुळजापूरचा जोशी, घरात भिक्षुकी, मराठी शिकवायला आलेला, पांढराशुभ्र शर्ट आणि खिशाला दोन पेनं. तो शेतकऱ्याच्या घरचा, गणिताचा, विजारीला खडूची बोटं पुसलेली. हजेरीपटावर महादेव साळुंके, बाकी सगळ्या जगाला म्हादेव. पहिल्याच दिवशी मी त्याच्या वर्गावरून चाललो होतो, तर आत पन्नास-साठ पोरं उभी, सगळ्यांचे दोन्ही हात पुढं लांब केलेले. हा फळ्यापाशी उभा राहून ओरडतोय, “लघुकोन!” की पोरांचे हात कात्रीसारखे थोडे उघडले. “काटकोन!” एक हात समोर, एक ताठ वर. “विशालकोन!” वरचा हात आणखी मागं. “सरळकोन!” दोन्ही हात दोन दिशांना, मागच्या पोराच्या नाकाला बोटं आणि वर्गभर खिदळणं. मला वाटलं कवायतीचा तास आहे. मधल्या सुट्टीत विचारलं, तर म्हणाला, “जोश्या, शब्द आधी हाडात गेला पायजे. डोक्यात काय, कवाबी जातोय.” एकतीस वर्षं हे असंच चाललं. आठवी असो, दहावी असो, तास सुरू झाला की उभं राहायचं, हे चार शब्द याच क्रमानं म्हणायचे, हातांनी करून दाखवायचे आणि मगच खाली बसायचं.

रेषा शिकवायला तो पोरांना मैदानात न्यायचा. दोन खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी. “ही रेषा हाय का?” पोरं एका आवाजात, “व्हय सर!” “न्हाय! हिला दोन टोकं हायती. हा रेषाखंड झाला. रेषेला टोकच नसतं. ती हितनं निघाली की येडशीच्या पुढं जाती, बार्शीच्या पुढं जाती, दुसऱ्या अंगानं औशाच्या पुढं जाती, थांबतच न्हाई.” एकदा एका पोरीनं विचारलं, “मग सर, ती कुणी बघितली?” म्हादेव म्हणाला, “कुणीच न्हाई. म्हणून तर तिला नाव दिऊन ठिवलंय.” मी शिक्षकखोलीच्या खिडकीशी पेपर तपासत बसलो होतो, माझा हात थांबला. इतकी वर्षं कविता शिकवल्या, पण असं एक वाक्य मला कधी सुचलं नाही. त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला आणि तो पुढं कायमच वाटत राहिला.

आमची भांडणंही व्हायची, आणि ती शब्दांवरूनच. मी म्हणायचो, काय तुझे हे शब्द रे, शिरोबिंदू, छेदिका, व्युत्क्रम कोन... तोंडात खडे घोळवल्यासारखं वाटतं. माझ्या कवितेत एका शब्दातून चार अर्थ निघतात. तो हसायचा नाही, चिडायचा. “चार निघत्यात हेच तर वाईट! चारातला कुठला धरायचा मग माणसानं? माझ्या शब्दाला एकच अर्थ. काटकोन म्हंजे नव्वद. एकोणनव्वदला मी काटकोन म्हणत न्हाई, कुणी मुस्कटात मारली तरी न्हाई.” आणि खरंच नव्हता म्हणत. शाळेच्या नव्या खोलीची भिंत बांधताना गवंड्याला त्यानं ‘काटकोन न्हाई हा’ म्हणून तीनदा थर उतरवायला लावला होता. हेडमास्तर वैतागले, गवंडी शिव्या देत होता, पण भिंत शेवटी काटकोनातच उभी राहिली.

गावात त्याचा शब्द चालायचा तो असा. दोघा भावांची ओढ्याकाठी तीनकोनी पट्टी होती, वाटणीवरून डोकी फुटायची वेळ आली होती. म्हादेवनं काय करावं? पट्टीच्या एका बाजूचा मध्य काढला, समोरच्या टोकापासून तिथपर्यंत सुतळी ताणली आणि म्हणाला, ही मध्यगा, झाली वाटणी. धाकट्याच्या वाट्याला लांबट, निमुळता तुकडा आला. “गुर्जी, माझं कमी दिसतंय.” “दिसू दे. डोळं फसवत्यात, मध्यगा न्हाई फसवत.” ज्वारी निघाली तेव्हा दोघांची पोती सारखी भरली. धाकटा डोक्यावर हुरड्याचं गाठोडं घेऊन शाळेत आला आणि म्हादेवच्या पायावर डोकं ठेवून गेला. तेव्हापासून सगळ्या गावाची खात्री, म्हादेव गुर्जींनी शब्द उच्चारला म्हणजे तो पारखून घेतलेला. माझीही तीच खात्री होती. हे लक्षात ठेवा.

निवृत्तीनंतर धाराशिवला आम्ही एकाच गल्लीत घरं बांधली. रोज सकाळी फिरायला जायचं, रोज वाद घालायचा, असं छान चाललं होतं. यंदा संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी तो अंघोळीच्या दगडावरून उठताना कलंडला. उजवं अंग गेलं, आणि वाचा गेली. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय, बरंचसं कळतंयही, पण शब्द सापडत नाहीत. मी त्याच्या उशाशी जाऊन ‘म्हादेव’ म्हटलं की तो डोळे फाडून माझ्याकडं बघायचा, ओठ हलवायचा, आणि नुसताच ‘अ... अ...’ असा आवाज निघायचा. मग तोंड फिरवून रडायचा. हा माणूस भर वर्गात चुकीचा शब्द ऐकला की खडू फेकून मारायचा, त्याच्या तोंडात एकसुद्धा शब्द राहू नये! देवावर माझा तसाही फार भरवसा नव्हता, भिक्षुकाच्या घरात तो लवकर संपतो, पण त्या दिवशी मी देवाला मनसोक्त शिव्या घातल्या.

नवव्या दिवशी नर्सनं पलंगाच्या पायथ्याचा दांडा फिरवून त्याची पाठ वर उचलली. आणि म्हादेव बोलला. स्वच्छ, वर्गातल्या आवाजात, “काटकोन.” नर्सला काही कळेना. वहिनी आधी हसल्या आणि मग पदर तोंडात धरून रडायला लागल्या. “माझं नाव न्हाई, पोराचं न्हाई, आन् पयला शब्द कुठला म्हणं तर काटकोन!” पुढच्या आठवड्यात आणखी तीन आले. लघुकोन, विशालकोन, सरळकोन. बस्स. हाडात गेलेले तेवढे राहिले, डोक्यातले सगळे पुसले गेले. पाणी नाही, भूक नाही, कौसल्या नाही, जोश्या नाही... चार शब्द.

आता मी मराठीचा मास्तर. मला चेव आला. म्हादेवला घरी आणलं तेव्हा तसलाच दांड्याचा लोखंडी पलंगही आणला होता. दोन दिवस मी त्याच्यापाशी बसून राहिलो आणि माझ्या लक्षात आलं की हा उगाच बडबडत नाहीये. त्याच्या पाठीचा आणि पायांचा जो कोन हवा, त्याचं तो नाव घेतोय! काटकोन म्हणाला की ताठ बसवायचं. विशालकोन म्हणाला की रेलून ठेवायचं. सरळकोन म्हणजे आडवं करा. लघुकोन म्हणजे पुढं वाकवा, पाठ पुसा, खाजतेय. मी तसं करून दाखवलं तेव्हा त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेचना. मी संदीपला फोन करून ओरडून सांगितलं, अरे, तुझा बाप बोलतोय! वहिनी चौथी शिकलेल्या, त्यांनी दोन दिवसांत चारही कोन पाठ केले. त्याचा शाळेतला लाकडी कोनमापक काढून पलंगाच्या दांडीला बांधला आणि अंश बघून पाठ वर-खाली करू लागल्या. “उगं आदमासानं केलं तर त्यांला खपत न्हाई, भावजी. पाच इकडं-तिकडं झालं तरी डोळं वटारत्यात.”

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र मला आणि वहिनींना समोर उभं करून बजावली होती. गिळायची ताकद गेलेली आहे. जेवण झाल्यावर तासभर ताठ बसवून ठेवायचं. आडवं केलं तर पोटातलं वर येऊन श्वासनळीत जाईल आणि ते जिवावर बेतेल. वहिनींनी त्याचा मंत्रच केला होता, जेवल्यावर घंटाभर काटकोन. तो कितीदा तरी चिडून ‘सरळकोन, सरळकोन’ करायचा, बसून बसून त्याच्या माकडहाडापाशी जखम झाली होती, पण बाई हलायची नाही. शेजारी उभी राहून म्हणायची, “वरडा. घंटा झाल्याबिगर म्या दांड्याला हात लावायची न्हाई.” मला तेव्हा वाटायचं, काय ही सक्ती. एवढा मोठा माणूस, चार शब्द उरलेत त्याच्याजवळ, त्यातलाही एक आपण ऐकायचा नाही?

वैशाखात वहिनींच्या सख्ख्या भाचीचं लग्न निघालं, येडशीला. त्या जायला तयार नव्हत्या. साडेतीन महिन्यांत बाईनं उंबरा ओलांडला नव्हता, डोळे खोल गेले होते. मीच मागं लागलो. “जा हो वहिनी, येडशी काय लांब आहे? अक्षता पडल्या की निघा. मी आहे ना.” त्या म्हणाल्या, “भावजी, तुमाला जमल का समदं?” मला राग आला. मी म्हणालो, “वहिनी, त्याची भाषा तुमच्याआधी मी शिकलोय.” हे माझे शब्द आहेत, जसेच्या तसे. त्या हिरवं लुगडं नेसून, गुरगुट्या भात करून ठेवून, तासाचं चारदा बजावून सकाळच्या बसनं गेल्या.

दुपारी साडेबाराला मी त्याला भरवायला बसलो. लाईट गेली होती, खोली नुसती भट्टी झाली होती. एकेक चमचा गिळायला तो दोन-दोन मिनिटं घेत होता. भरवून झालं तेव्हा एक वाजून गेला होता. मी त्याचं तोंड पुसलं. दहा मिनिटं झाली असतील, तो म्हणाला, “सरळकोन.” मी म्हणालो, “थांब रे, तास होऊ दे.” पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, जखम ठणकत असणार. तिसऱ्यांदा त्यानं डावा हात आडवा लांब केला, वर्गात करायचा तसा, आणि जोरानं म्हणाला, “सरळकोन!”

मी उठलो, पायथ्याशी गेलो आणि दांडा फिरवला.

का फिरवला, हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. त्याचं ऐकलं पाहिजे असं वाटलं, हे खरं आहे. हा माणूस शब्द कधी उगाच वापरत नाही, एकोणनव्वदला काटकोन म्हणत नाही, त्यानं सरळकोन म्हटलं तर त्याला सरळकोनच हवा, हेही मनात आलं. पण एवढंच नव्हतं. मला झोप येत होती. त्याला आडवं केलं की मला खाली चटईवर आडवं होता येणार होतं. तेही होतं. आणि आता असंही वाटतं की त्याला तरी खरंच आडवं व्हायचं होतं का? की एकतीस वर्षं चार शब्दांची ती माळ ओढली होती, तिचा शेवटचा मणी नुसताच तोंडात आला होता? कळायला मार्ग नाही. ज्याच्या शब्दांचे मी पंडितासारखे अर्थ लावत बसलो, त्याला जरा थांबून पुन्हा विचारायचंही मला सुचलं नाही.

चटईवर माझा डोळा लागला. घरघर ऐकून उठलो तर तो काळानिळा पडलेला, तोंडाच्या कडेला भाताची शितं, छाती भात्यासारखी चाललेली. मी दांडा गरागरा फिरवून त्याला बसतं केलं, पाठीत थापट्या मारल्या. तो खोकत राहिला, खोकत राहिला आणि मग शांत झाला. माझ्याकडं बघत होता. मी त्याला म्हणालो, “झालं, झालं, काही नाही.” मग तोंड पुसलं, शितं लागलेला पंचा धुतला आणि दोरीवर वाळत घातला. त्या उन्हात तो पंचा पाच मिनिटांत कोरडा झाला.

पाचला वहिनी आल्या. तोंडावर हसू होतं, हातात बुंदीची पुडी. “जेवले का हो, भावजी?” “जेवला. मस्त जेवला,” मी म्हणालो. त्यांनी पुडी सोडली, एक दाणा बोटाच्या टोकावर घेतला आणि त्याच्या ओठाला लावला. “भाचीच्या लग्नाची हाय बगा, तोंड गोड करा.” त्याला बुंदी भारी आवडायची. त्यानं ओठ चाटले. मी बघत उभा होतो.

तिसऱ्या दिवशी ताप चढला. दवाखान्यात नेलं तर छातीत न्यूमोनिया. संदीप पुण्याहून आला. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावून विचारलं, “जेवण झाल्यावर यांना आडवं केलं होतं का कधी?” वहिनी म्हणाल्या, “कवाच न्हाई, सायेब. म्या तर न्हाईच केलं. एकच दिस लग्नाला गेल्ते, तवा भावजी व्हते.” डॉक्टर माझ्याकडं वळले. मी म्हणालो, “नाही.” मग वहिनीच चाचरत म्हणाल्या, “सायेब, त्या दिशी सांजच्याला म्या... बुंदीचा एक दाणा त्यांच्या ओठाला लावला व्हता.” डॉक्टर म्हणाले, “मग तोच गेला असेल छातीत.” संदीपनं आईकडं बघितलं. ती नजर मी जवळून पाहिली. तेव्हा तोंड उघडलं असतं तर ते काही सेकंदांचं काम होतं. मी उघडलं नाही. पुढं दहा दिवस म्हादेव नाकातोंडात नळ्या घेऊन पडून राहिला. चारातला एकही शब्द त्याच्या तोंडून पुन्हा निघाला नाही.

गेल्या सोमवारी मी त्या डॉक्टरांकडं गेलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “ओठाला लावलेल्या एका दाण्यानं एवढं होणं कठीण आहे. मी तेव्हा तसं बोललो, कारण दुसरं काही कारणच दिसत नव्हतं.” तिथून मी थेट म्हादेवच्या घरी गेलो.

वहिनी म्हादेवच्या खोलीतच खाली बसून ज्वारी निवडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, चटईसकट, पंच्यासकट. त्यांचा हात सुपात थांबला. त्या म्हणाल्या, “म्हंजे... बुंदी न्हवती?” मी म्हणालो, “नव्हती वहिनी. मी होतो.” त्यांनी उजव्या हाताचं बोट वर करून बघितलं. “सात हप्ते झालं, जेवायला बसले की ह्ये बोट दिसतंय मला. डाव्या हातानं जेवतीया म्या.” मी खाली बसलो. मला पाय धरायचे होते, पण त्यांनी पाय आवरून घेतले.

“तवा का न्हाई बोललात?”

“भ्यालो वहिनी.”

“त्यांच्याजवळ चार शब्द व्हते, भावजी. त्या चारावर त्यांनी दिस काढले. तुमच्याजवळ तर समदी मराठी व्हती.”

मग त्या म्हणाल्या, संदीपला फोन लावा, आत्ता, माझ्यापुढं. मी लावला. पुन्हा सगळं सांगितलं, चटईसकट, पंच्यासकट. तो म्हणाला, “काका, आईला द्या.” वहिनींनी फोन घ्यायच्या आधी मला विचारलं, “आन् ज्या बायांनी मांडवात ऐकवलं त्यांला कोण सांगणार? दारोदार म्या फिरू?” मी म्हणालो, पेपरात लिहितो. “लिवा. माझं नाव घालून लिवा, आन् तुमचं बी,” त्या म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी फोन कानाला धरून स्वयंपाकघरात गेल्या. आतून नुसतं ‘व्हय रं... व्हय रं बाळा...’ एवढंच ऐकू येत होतं.

मी खोलीत एकटाच राहिलो. त्याला दवाखान्यात नेलं त्या दिवशी होता तसाच पलंग उभा होता, पाठ वर केलेली, गादीला मधोमध खळगा. आता कुणाला तरी देऊन टाकतील, निदान सपाट करून ठेवावा, म्हणून मी पायथ्याशी वाकलो. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. फोन कानालाच होता, गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी फोन हातानं झाकला.

“ऱ्हाऊ द्या त्ये,” त्या म्हणाल्या. “तुमी हात लावू नका.”

मी हात मागं घेतला आणि घरी येऊन हे लिहायला बसलो.